लिंबोणीचे बिऱ्हाड

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा हे एक प्राचीन गाव आहे. यादवकालीन मंदिरे, पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत जाणारी बारव आणि दगडी दीपमाळ यांमुळे शिल्पकलेच्या अभ्यासकांना हे गाव चांगले परिचित आहे. गावातून हिंडताना ठिकठिकाणी कोरीव शिळा दृष्टीस पडतात. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला म्हणून दगडाचे काही बिघडत नाही. ईजिप्त देशात नाईल नदीवर मोठे धरण बांधले जात होते, तेव्हा अबू सिम्बेल येथील प्रचंड मंदिरे पाण्याखाली जाणार होती. १९६४ ते १९६८ या काळात ती मंदिरे करवतीने कापून, तुकड्यातुकड्यावर क्रमांक घालून उंच जागी नेण्यात आली आणि पुन्हा पूर्ववत उभी करण्यात आली. झाडाची गोष्ट निराळी आहे. झाडाचे जे अंग आपल्याला दिसते त्यापेक्षा न दिसणारे अंगच त्याला जगवीत असते, आणि जागा बदलताना नेमके तेच मागे राहण्याचा संभव असतो.

याच चारठाण्यात एका शेतकऱ्याच्या घरामागे, परसात, लिंबोणीचे एक झाड होते. मराठवाड्यात नुसते 'लिंब' म्हटले की लोक कडुलिंब समजतात, आणि आंबट फळे देणाऱ्या काटेरी झाडाला लिंबोणी म्हणतात. परगावच्या माणसाने हा भेद ध्यानात ठेवलेला बरा. नाही तर सरबताऐवजी काढा पदरात पडायचा! असो. ही लिंबोणी घरातील आजीने लावली होती. बाजारातून आणलेल्या एका रसाळ कागदी लिंबाच्या बिया तिने फुटक्या मडक्यात पेरल्या. त्यांतल्या एकाच बियेतून दोन कोंब वर आले, तेव्हा सर्वांना नवल वाटले. वास्तविक लिंबूवर्गातील झाडांत असे पुष्कळदा घडते. त्यांच्या एका बियेत एकाहून अधिक गर्भ असू शकतात, आणि त्यांपैकी बहुतेक केवळ मातृवृक्षाच्याच अंशापासून बनलेले असतात. म्हणून अशी रोपे वाढून मोठी झाली की बहुधा हुबेहूब आईसारखीच फळे देतात. आंब्याची कोय पेरणाऱ्याला अशी खात्री सहसा देता येत नाही.

आजीने दोन रोपांतील एक शेजारणीला दिले आणि एक परसात मोरीजवळ लावले. रोप चार वर्षांचे झाले, छातीपर्यंत आले, आणि त्याच वर्षी आजी वारली. पुढच्या वर्षी लिंबोणीला पहिली फुले आली. तिची फळे आजीने पाहिली नाहीत.

झाडाला सहावे वर्ष लागले आणि त्या पावसाळ्यात घराची मागची भिंत बसली. घर माळवदाचे, भिंती मातीच्या. कधी तरी हे होणारच होते. थोरल्या मुलाने मागे दोन पक्क्या खोल्या बांधण्याचे ठरविले. गवंड्याने दोरी लावून फक्कीने रेघ ओढली, ती नेमकी लिंबोणीच्या बुंध्यावरून गेली.

"आबा, झाड काढावे लागेल," मुलगा म्हणाला. "परभणीच्या कृषी विद्यापीठाने विक्रम, प्रमालिनी अशा लिंबाच्या चांगल्या जाती काढल्या आहेत. घोसाघोसांनी फळे धरतात. मी त्यांतली दोन रोपे आणून लावतो."

मुलाचे म्हणणे अयोग्य नव्हते. परभणी येथे १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि कागदी लिंबाच्या या दोन्ही जाती तेथल्याच आहेत. पण आबा म्हणाले, "रोपे अवश्य आण. पण हे झाड तोडायचे नाही. ते हलवू."

"मग उद्याच हलवू. चार माणसे लावली की तासाभराचे काम आहे."

"तासाभराचे नाही, आठ महिन्यांचे आहे," आबा म्हणाले. "आता दिवाळी येईल. आषाढात झाड हलेल. तोपर्यंत मागची बाजू तशीच राहू दे."

आषाढात झाड हलवायचे म्हणजे बांधकाम पुढच्या दिवाळीवर जाणार, कारण काळ्या जमिनीत भर पावसाळ्यात पाया खणता येत नाही. खणलेला चर पाण्याने भरतो आणि त्याच्या कडा ढासळतात. शिवाय मधल्या काळात सिमेंट आणि विटा महाग होतील ते निराळेच. स्वयंपाकघर तर आताच उघड्यावर पडले होते. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. त्या वेळी जिचे मत कोणीच विचारले नव्हते ती सून दारातून म्हणाली, "मागे पत्रे ठोकून द्या. एक वर्ष पत्र्याखाली चूल मांडू." चैत्र-वैशाखात पत्र्याखाली स्वयंपाक करणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातील उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही.

आबांनी इतका दीर्घ अवधी मागितला त्यालाही कारण होते. तरुणपणी त्यांनी एक बहरलेला पेरू असाच एका दिवसात हलविला होता. ऐन चैत्र होता. चौघांनी मिळून झाड उपटले, माती झाडून टाकली आणि मुळे मोकळी करून नव्या खड्ड्यात लावले. वर घागरी ओतल्या. चार-पाच दिवस पाने हिरवी राहिली म्हणून सर्वांना आनंद झाला. आठव्या दिवशी पाने चुरगळली, आणि पंधरवड्यात झाड वाळून गेले. पाणी मुबलक असूनही झाड तहानेने मेले होते!

हे कसे झाले ते समजून घेण्यासारखे आहे. झाडाची जाड मुळे त्याला उभे धरतात आणि अन्नाचा साठा करतात, परंतु पाणी शोषण्याचे काम मुख्यतः ती करीत नाहीत. ते काम बारीक तंतुमुळांचे, आणि त्यांतही टोकांजवळ फुटणाऱ्या मूलरोमांचे आहे. मूलरोम इतके नाजूक असतात की माती झाडताच ते तुटून जातात. ही तंतुमुळे बुंध्याजवळ थोडी आणि दूरवर पुष्कळ असतात. माणूस बुंध्याभोवती हातभर खणून झाड उपसतो, तेव्हा पाणी पिणारी बहुतेक तोंडे तो जमिनीतच सोडून येतो. इकडे पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ होणे चालूच असते. उन्हाळ्यात तर ती फारच वेगाने होते. मिळकत बंद आणि खर्च चालू, अशी त्या झाडाची अवस्था होते.

यावर उपाय एकच. झाड हलविण्यापूर्वीच त्याच्या बुंध्याजवळ नवी तंतुमुळे फुटतील अशी तजवीज करावयाची.

कार्तिकात, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, आबांनी कामास प्रारंभ केला. सहावीत शिकणारी नात मदतीला होती. झाडाचा बुंधा मनगटाएवढा, म्हणजे सुमारे दोन इंच व्यासाचा होता. बुंध्याच्या व्यासाच्या दहा ते बारा पट व्यासाचा मातीचा गड्डा मुळांसह उचलावा, असा बागवानांचा ढोबळ हिशोब आहे. मातीसकट निघणाऱ्या या गड्ड्याला आपल्याकडील माळी 'हुंडी' म्हणतात. म्हणजे येथे हुंडी सुमारे दोन फूट व्यासाची घ्यावयाची. नातीने बुंध्याला सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला खुंटी अडकवून जमिनीवर वर्तुळ काढले. मात्र आबांनी ते वर्तुळ दोन फुटांहून किंचित लहान घेतले. कापलेल्या टोकांपासून जी नवी मुळे बाहेर फुटतील ती पुढे हुंडीच्या आतच यावीत, हा त्यातील हेतू होता.

त्या दिवशी पूर्ण वर्तुळ खणले नाही. केवळ पूर्वेकडील अर्धे वर्तुळ, फावड्याच्या पात्याएवढे रुंद आणि दीड फूट खोल खणले. वाटेत जी मुळे आली ती कुदळीने तोडली नाहीत. कुदळीने मूळ चेचते, पिंजते आणि मग कुजते. आबांनी धारदार करवतीने एकेक मूळ साफ कापले. नंतर तीच माती, चाळलेले जुने शेणखत आणि थोडी वाळू मिसळून चर भरून टाकला आणि त्यावर पाणी सोडले. पश्चिमेकडील अर्धी मुळे तशीच राहिली होती, त्यांच्या आधारावर झाड हिवाळाभर निभावणार होते.

"आबा, झाडाला दुखत असेल का हो?" नातीने विचारले.

"ते मला कसे कळणार? पण धारेचे हत्यार वापरले की जखम लवकर भरते, एवढे मला ठाऊक आहे," आबा म्हणाले.

झाड हलविण्यापूर्वी मुळांची अशी सिद्धता करण्याची पद्धत जपानमध्येही फार जुनी आहे. तेथे तिला 'नेमावाशी' म्हणतात. मुळांभोवती फिरणे, असा त्या शब्दाचा साधारण अर्थ आहे. पुढे हा शब्द माळ्याच्या बागेतून निघून कचेऱ्यांत गेला. एखादा महत्त्वाचा प्रस्ताव सभेपुढे मांडण्यापूर्वी संबंधितांना एकेकट्याने भेटून त्यांचे मन तयार करणे, यालाही जपानी लोक आज नेमावाशीच म्हणतात.

मोठे, फळ देणारे झाड हलविल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडले, तेही लिंबोणीच्या जवळच्या नात्यातील झाडाचे. ब्राझील देशातून आलेल्या, बी नसलेल्या संत्र्याच्या एका जातीची रोपे १८७३ साली कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे एलायझा टिबेट्स या बाईने लावली. फळात बी नाही, तेव्हा डोळे भरूनच त्याची कलमे करावी लागत. त्या एक-दोन झाडांच्या डोळ्यांपासून तेथे संत्र्यांच्या अफाट बागा उभ्या राहिल्या. पुढे ही मूळ झाडे जपावीत म्हणून ती नव्या जागी नेण्यात आली. त्यांपैकी एका झाडाचे पुनर्रोपण १९०३ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते समारंभपूर्वक झाले. ते झाड जेमतेम वीस वर्षे जगले. दुसरे झाड एका चौकाच्या कोपऱ्यावर लावले होते. त्याच्या मुळांना रोग जडला, तेव्हा १९१८ साली त्याच्या बुंध्याभोवती निरोगी रोपे लावून त्यांचे शेंडे मूळ झाडाच्या सालीत जोडण्यात आले. जणू म्हाताऱ्या झाडाला नवे पाय दिले. ते झाड आजही हयात आहे. अध्यक्षांच्या हाताने लागलेले झाड गेले आणि मुळांची चिंता ज्याची वाहिली गेली ते राहिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

माघात, थंडी ओसरू लागली तेव्हा, आबांनी पश्चिमेकडील अर्धा चर खणला. तत्पूर्वी पूर्वेकडील भरलेल्या चरातील माती त्यांनी बोटांनी हळूच उकरून नातीला दाखविली. कापलेल्या जाड मुळाच्या टोकाशी पांढुरक्या, दोऱ्यासारख्या मुळांची झुबकी फुटली होती. नातीने वहीत त्याचे चित्र काढले. त्यावर तिने तारीख घातली. "हे तिचे नवे पाय," ती म्हणाली, आणि आबांनी माती पुन्हा झाकून टाकली.

यानंतरचा काळ कठीण गेला. घरात पत्र्याखाली चूल पेटत होती. सून पहाटेच स्वयंपाक उरकून घेई आणि दुपारी पत्रा तापला की सगळे पुढच्या ओसरीवर येऊन बसत. परसातील काळी जमीन वाळून आक्रसू लागली आणि तिला भेगा पडल्या. काळ्या मातीचा हा स्वभावच आहे. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते, आणि भेग पडताना वाटेतील कोवळी मुळे तडातड तोडते. म्हणून आबांनी झाडाभोवती उसाच्या पाचटाचा आणि वाळल्या पानांचा जाड थर पसरला. आड आटत चालला होता. भांडी विसळलेले साधे पाणी सून बादलीत साठवून ठेवी आणि सायंकाळी नात ते झाडाला घाली. साबणाचे पाणी मात्र आबा झाडाजवळ फिरकू देत नसत. मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न काही एका घराचा नाही. २०१२ सालच्या अवर्षणात शेजारच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या. त्या मानाने एका लिंबोणीला दोन बादल्या पाणी ही किरकोळ गोष्ट वाटेल. परंतु आडाचा तळ दिसू लागला की बादलीही मोजावी लागते.

वैशाखात नवा खड्डा खणला. जागा परसाच्या ईशान्य कोपऱ्यात, जुन्या जागेपासून वीसेक पावलांवर होती. खड्डा तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल. तो आधीच खणून महिनाभर उघडा ठेवावयाचा, म्हणजे कडक उन्हाने मातीतील किडी व बुरशी पुष्कळ अंशी नाहीशी होतात. खड्ड्याच्या कडा फावड्याने लिंपल्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, त्या आबांनी टिकावाने मुद्दाम खडबडीत केल्या. चिकण काळ्या मातीत गुळगुळीत कडांचा खड्डा म्हणजे एक मोठी कुंडीच होते. मुळे आतल्या आत फिरत राहतात आणि पावसाचे पाणी तुंबते. तळाशी खत घालावे, असे मुलगा म्हणाला. आबांनी थोडे मुरलेले शेणखत मातीत मिसळू दिले. ताजे शेण आणि पोत्यातले रासायनिक खत मात्र हातचे राखून ठेविले. आजाऱ्याला पहिल्याच दिवशी पुरणपोळी वाढीत नाहीत.

मृग कोरडा गेला. आभाळ भरून येई आणि वारा ते उडवून नेई. आर्द्रा नक्षत्रात पाऊस आला, चार दिवस संततधार लागली, आणि नंतर ढगाळ पण उघडे असे दोन दिवस मिळाले. आबा याचीच वाट पाहत होते. हवा दमट असली म्हणजे पानांतून वाफ कमी होते, आणि माती वाफशावर असली म्हणजे हुंडी फुटतही नाही व चिखलासारखी गळतही नाही.

कोणते झाड कोणत्या ऋतूत हलवावे, याचा विचार आपल्या देशात फार पूर्वीपासून झाला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिता' या ग्रंथात वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला आहे. फांद्या न फुटलेली झाडे शिशिरात, फांद्या आलेली हेमंतात आणि चांगले खोड धरलेली झाडे वर्षाऋतूच्या आरंभी लावावीत, असे त्यात सांगितले आहे. स्थलांतर करताना झाडाला मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा, असेही तो सांगतो. यातील तूप-मध आज कोणी झाडाला लावणार नाही. परंतु खोडाला लेप देण्याची रीत टिकून आहे. आजचे बागाईतदार मोरचूद व चुना यांचे बोर्डो मलम खोडाला लावतात. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात द्राक्षवेलींवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे मिश्रण प्रथम वापरात आले. त्यामुळे बुरशीला आळा बसतो. आबांनीही तेच लावले.

पहाटे काम सुरू झाले. गल्लीतील चार जण मदतीला आले होते. आबांनी प्रथम झाडाची दाटीची आणि वाळकी फांदी छाटली, कोवळे शेंडे खुडले, आणि लागलेली हिरवी लिंबे सगळी तोडून सुनेच्या पदरात घातली. सहा कोडी भरली. नंतर खोडावर उत्तरेच्या बाजूला नातीने खडूने खूण केली. नव्या जागी झाडाची तीच बाजू उत्तरेला यावी म्हणून. खोडाचा जो भाग वर्षानुवर्षे सावलीत राहिला तो एकाएकी पश्चिमेच्या उन्हात आला तर त्याची साल भाजते. जमिनीच्या पातळीवर बुंध्याला एक चिंधीही बांधली. नव्या खड्ड्यात त्या चिंधीपेक्षा बोटभरही खोल झाड पुरायचे नाही. लिंबोणीचा बुंधा मातीत दबला, त्यावर ओल राहिली, की सालीतून डिंक गळू लागतो आणि झाड हळूहळू खंगते.

मग जुन्या चराच्या किंचित बाहेरून खणावयास सुरुवात झाली. नव्या मुळांची जाळी हुंडीला घट्ट बिलगून राहिली होती. हुंडीला चहूबाजूंनी उसवलेली पोती गुंडाळली आणि काथ्याने आडवीउभी आवळली. सर्वांत शेवटी खालचे सोटमूळ राहिले. बियेपासून वाढलेल्या झाडाचे सोटमूळ सरळ खाली जाते. ते सर्व काढणे अशक्यच. मुलगा खड्ड्यात पालथा पडला आणि करवत हुंडीखाली घालून त्याने ते कापले. झाड किंचित हलले. चिखलाने त्याचे तोंड माखले होते.

दोन फूट व्यासाची आणि दीड फूट खोल मातीची हुंडी पाहणाऱ्याला लहान वाटते. वजन मात्र दीड-दोन क्विंटलांच्या घरात जाते. झाड खोडाला धरून उचलले तर सगळा भार मुळांवर येतो आणि हुंडी फुटते. म्हणून पडलेल्या भिंतीतील जुन्या दाराची फळी हुंडीखाली तिरपी सरकविली, दोर बांधला, आणि फळीखाली लाकडी ओंडके घालीत घालीत झाड ओढून नेले. वीस पावलांच्या त्या प्रवासाला पाऊण तास लागला. नव्या खड्ड्यात झाड उतरल्यावर खडूची खूण पाहून ते फिरविले, चिंधीची पातळी काठी आडवी ठेवून तपासली, पोती सोडविली आणि माती भरली. पायांनी धम्माधम्म तुडवू न देता आबांनी पाणी सोडूनच माती बसविली. तीन बाजूंना खुंट्या ठोकून खोडाला सैलसर आधार दिला. आळे दुहेरी केले. आतील वरंबा बुंध्याभोवती, बाहेरील त्यापासून हातभर दूर, आणि पाणी फक्त दोहोंच्या मध्ये. म्हणजे खोडाला ओल लागत नाही.

सहाव्या दिवशी पाने गळू लागली.

प्रथम पाच-दहा, मग ओंजळी-ओंजळीने. नात शाळेतून आली की आळ्यातील पाने वेचून मोजी. एके दिवशी आकडा दोनशेच्या वर गेला तेव्हा तिला रडूच कोसळले. आबांनी तिला झाडाजवळ नेले आणि एका फांदीला हळूच टिचकी मारली. चार पाने देठासकट खाली पडली.

"ही पडतात, हेच बरे लक्षण आहे, बाई," ते म्हणाले. "त्या पेरूची पाने गळली नव्हती, फांदीवरच वाळून लटकत राहिली होती. पान गाळण्यालासुद्धा फांदीत जीव लागतो. मेलेल्या फांदीला पान टाकता येत नाही." त्यांनी नखाने एका काटकीची साल किंचित खरवडली. आत हिरवे होते.

नातीला हे पटले. पण मन थोडेच ऐकते! श्रावणाच्या आरंभी पावसाने उघडीप दिली आणि तिने कोणालाही न सांगता सकाळ-संध्याकाळ झाडाला पाणी घालण्यास सुरुवात केली. आठवड्याने उरलेली पाने पिवळी पडली. ती तहानेली आहेत असे समजून तिने आणखी पाणी घातले. आबा दोन दिवस बाहेरगावी गेले होते. परत येताच त्यांनी आळ्यात बोट खुपसले, मग एक काडी खोलवर घालून बाहेर काढली. काडीला चिखल लागला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यातील पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की मुळे गुदमरतात, आणि गुदमरलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून पाने तहानलेल्या झाडासारखीच पिवळी दिसतात. फसगत होते ती येथे.

आबा तिला रागावले नाहीत. त्यांनी आळ्याचा बाहेरील वरंबा एका बाजूने फोडला, खुरप्याने वरची माती मोकळी केली आणि ती काडी नातीच्या हाती दिली. "रोज काडी घालायची. कोरडी निघाली तरच पाणी." त्यानंतर बारा दिवस काडी कोरडी निघाली नाही. त्या बारा दिवसांत झाडावर जेमतेम पंधरा-वीस पाने उरली. मुलगा येता-जाता झाडाकडे पाही आणि काही न बोलता पुढे जाई.

भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी, नातीला एका जुन्या काट्याच्या बगलेत मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशी तसे सात ठिपके सापडले. आठ-दहा दिवसांत त्यांची तांबूस छटा असलेली कोवळी पालवी झाली. आणि पालवीबरोबर तिचे गिऱ्हाईकही आले. पानांवर पाखराची शीट पडावी तशा तपकिरी-पांढऱ्या बारीक अळ्या दिसू लागल्या. लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालणाऱ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराच्या या अळ्या लहानपणी शिटेसारख्या दिसतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात. मोठे झाड त्यांना सहज पोसते. पण सात ठिकाणी फुटलेल्या पालवीला त्या दोन दिवसांत फस्त करतील. नात रोज सकाळी शाळेपूर्वी चिमट्याने एकेक अळी वेचून डब्यात टाकी. डबा ती दूर ओढ्याकाठच्या रानलिंबोणीवर रिकामा करून येते, हे घरात पुष्कळ दिवसांनी कळले.

दिवाळीनंतर गवंडी आला. पाया खणताना लिंबोणीच्या जुन्या जागी त्याच्या पहारीला काही तरी अडकले. ते सोटमुळाचे हातभर लांबीचे, खाली निमुळते होत गेलेले खोड होते. मुलाने आषाढात करवतीने कापलेली बाजू वर होती. नातीने ते पट्टीने मोजले आणि वहीत लिहिले: सतरा इंच, आणि खाली तुटलेले. मुलाने ते कुंपणाबाहेर फेकण्यासाठी उचलले, पण सुनेने त्याच्या हातून घेऊन पत्र्यावर वाळत घातले. आठवड्याने खोल्यांच्या जोत्यापर्यंतचे काम पुरे झाले तेव्हा गवंड्यांसाठी चहा ठेवताना तिने ते चुलीत सारले. लाकूड घट्ट होते; बराच वेळ जळले.